गच्चीवरचं गरम पाणी

नमस्कार मंडळी. घरातल्या रोजच्या ऊर्जेच्या वापरातून हवामानबदलाचा वेग कसा कमी करता येईल, यावर मी बोलावं असं ठरलंय. हवामान खरंच बदलतंय का, यावर मात्र मी वेळ घालवणार नाही. समोर निफाड, दिंडोरीकडची मंडळी बसलेली दिसतायत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट त्यांनी पाहिलीय, २०२३च्या नोव्हेंबरअखेर द्राक्षबागांवर पडलेल्या गाराही पाहिल्यात. एकेका गारपिटीचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही, हे मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून मान्य करते. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते बाष्प कधीतरी, कुठेतरी कोसळणारच. बागेवर प्लॅस्टिक अंथरण्याचा खर्च करणाऱ्याला हे मी समजावून सांगायची गरज नाही.

मला आज एकच गोष्ट तळमळीने सांगायचीय. आपण दिवे मालवत बसलोय आणि पाणी तापवण्याकडे आपलं लक्षच नाही.

आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी वडील ओरडायचे, 'खोलीत कुणी नाही, दिवा कशाला जळतोय?' त्यांचं बरोबर होतं. तेव्हा साठ वॉटचा पिवळा दिवा असायचा. आज तेवढाच उजेड नऊ वॉटचा एलईडी देतो. २०१५ साली केंद्राची उजाला योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे घरोघर गेले. ती लढाई आपण बऱ्यापैकी जिंकलोय. मग आता वीज जाते कुठे?

हिशेब अगदी शाळेतला आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. नाशिकच्या थंडीत टाकीतलं पाणी अठरा अंशांवर आहे असं धरा. ते बेचाळीसवर न्यायचं, बादली वीस लिटरची. चोवीस गुणिले वीस, ४८० किलोकॅलरी. म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज. तेवढ्या विजेवर तुमचा नऊ वॉटचा दिवा साठ तासांहून जास्त जळेल, अडीच दिवस, रात्रंदिवस! आणि ही झाली बादली. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर दहा मिनिटं घेतला की चार बादल्या होतात. घरात नातवंडं असतील त्यांनी आज रात्री हा हिशेब त्यांच्याकडून सोडवून घ्या. पण शॉवर किती वेळ चालतो हे घड्याळ लावून मोजायला सांगा, विचारून खरं उत्तर मिळणार नाही.

चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या, तर थंडीतल्या एका महिन्यात सदुसष्ट-अडुसष्ट युनिटं होतात. आपल्या देशातल्या विजेमागे, सगळे स्रोत मिळून, युनिटला सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे महिन्याला पंचेचाळीस-पन्नास किलो, फक्त आंघोळीचा. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर पूर्ण जाळला तर साधारण बेचाळीस किलो निघतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या अख्ख्या सिलिंडरपेक्षा बाथरूमचा भार जास्त झाला.

हे असं का होतं, ते नाशिककरांना लांब जाऊन पाहावं लागत नाही. नाशिकरोडकडून एकलहऱ्याला निघा, औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच, चाळीस वर्षांपेक्षा जुने. तिथे कोळसा जाळून उष्णता करतात, उष्णतेची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर वीज. अशा जुन्या संचात कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो, बाकीची धुराड्यातून आणि शीतकरणाच्या पाण्यातून जाते. तारांमध्ये आणखी थोडी गळते. इतकं सगळं करून ती वीज गिझरमध्ये येते आणि आपण तिची परत उष्णता करतो! सुरुवातीला हातात उष्णता होती, शेवटी पुन्हा उष्णताच हवी होती, मधल्या मधे दोन तृतीयांशाहून जास्त घालवली. दारात गंगा वाहत असताना टँकर मागवावा, आणि तोही वाटेत बहुतेक रिकामा होणारा, तसं हे आहे. वीज मोटारीला द्या, दिव्याला द्या, संगणकाला द्या. ती कामं दुसऱ्या कशाने होत नाहीत. आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र गच्चीवर ऊन पडलेलं आहे, आणि नाशिकच्या हिवाळ्यात, नेमकं गरम पाणी हवं तेव्हा, आकाश निरभ्र असतं.

आता तुम्ही म्हणाल, 'मॅडम, आमच्या गच्चीवर सोलर आहे, पण पाणी गरम येत नाही.' हात वर करा बरं, कुणाकुणाच्या बिल्डिंगमध्ये असं आहे? ...बघा, निम्मं सभागृह. म्हणून आमच्या सोसायटीची हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे. संयोजकांनी सांभाळून घ्यावं.

आमची गंगापूर रोडची सात मजली इमारत. परवानगीसाठी लागतात म्हणून बिल्डरने गच्चीवर सौर पाणी-तापक बसवून दिले आणि तो निघून गेला. पाइपांना वेष्टन नाही. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत एकच लाइन, तिच्यातलं पाणी रात्रभर थंड होत राहायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सकाळी नळ सोडून बसायच्या, दोन बादल्या थंड पाणी गेलं की कोमट लागायचं. एकेकाने गिझर घेतले. मग गच्चीवर कुणी फिरकेना. काचेच्या नळ्यांमध्ये बोअरच्या पाण्याचे क्षार साठले. संक्रांतीत पतंग उडवताना दोन-तीन नळ्या फुटल्या. उन्हाळ्यात सांगाड्यावर कुरडया मात्र छान वाळायच्या, ते ऊन तेवढं वाया गेलं नाही.

मग वार्षिक सभेत ठराव आला, हे सगळं भंगारात द्यावं. मी उठून उभी राहिले. त्या सभेत जिन्याच्या रंगावर जेवढी चर्चा झाली तेवढी यावर झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. यंत्रणा वाईट नव्हती, तिची कुणी देखभालच केली नव्हती. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, 'एक हिवाळा देतो तुम्हाला.' सेक्रेटरींचे मी मनापासून आभार मानते, कारण नंतर प्रत्येक मजल्यावर ते स्वतः माझ्याबरोबर फिरले.

नळ्या साफ केल्या, फुटलेल्या बदलल्या. पाइपांना काळं फोमचं वेष्टन घातलं. खालच्या टोकापासून परत टाकीत जाणारी एक लाइन टाकली, तिच्यावर छोटा पंप आणि टायमर. पहाटे थोडा वेळ पंप चालतो, पाइपातलं थंड पाणी वर जातं, त्याच्या जागी गरम येतं. नळ सोडून बसायला नको. इतकं करूनही पाणी कोमटच! सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हा आमच्या प्लंबरने जे शोधून काढलं, ते मी प्रत्येक व्याख्यानात सांगते. त्याने हाताने पाइप चाचपत एकेक मजला तपासला. पाचव्या मजल्यावर एका घरात हँडशॉवर होता. गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे, म्हणजे मिक्सरचे, दोन्ही नॉब कायम उघडे, पाणी फक्त हँडशॉवरच्या बटणाने बंद. थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप, गरम पाण्याच्या लाइनला नाही. त्यामुळे थंड पाणी त्या मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये घुसत होतं आणि अख्ख्या इमारतीचं पाणी कोमट करत होतं. एका घरातला एक नॉब! त्या घरच्यांना याची काही कल्पनाच नव्हती, ते बिचारे फार ओशाळले. प्रत्येक घराच्या गरम लाइनवर आम्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी ही छोटी पितळी वस्तू, तुमच्या प्लंबरला विचारा, त्याला माहीत असते. त्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गिझरचं बटण लावलं नाही, आणि भंगाराचा ठराव पुन्हा कुणी मांडला नाही.

एक सूचना राहिलीच. बऱ्याच टाक्यांत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. जुलै-ऑगस्टमध्ये ती लागते, मान्य. पण ती बारा महिने चालू राहिलेली मी पाहिलीय. मग सोलर नावाला आणि वीज मीटरला. ती आधी बघा.

...हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. जाहीर केलेलं पुष्कळ राहिलंय, भराभर सांगते.

स्वयंपाक. इंडक्शनबद्दल मला नेहमी विचारतात. शेगडी म्हणून ती उत्तम, उष्णता वाया घालवत नाही. पण आज देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशाची आहे. त्या विजेवर इंडक्शन चालवलं तर गॅसच्या जवळजवळ दुप्पट कार्बन निघतो. गच्चीवर सौर पॅनेल असेल आणि दुपारी स्वयंपाक होत असेल तर मात्र आजच घ्या. बाकीच्यांनी डाळ भिजवावी, कुकर वापरावा, पातेल्यावर झाकण ठेवावं. तुमच्या आज्या हेच करत होत्या.

गॅस गिझर. कार्बन विजेच्या गिझरच्या निम्म्याहून कमी. पण बंद बाथरूममध्ये तो जीव घेतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बसवायचा तर बाहेर, मोकळ्या हवेत. यात तडजोड नाही.

पंखा. जुना पंचाहत्तर वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसच्या आसपास. बदलायचा तर जास्त तास फिरणारा आधी बदला, बहुधा बेडरूमचा. एसी चोवीसवर ठेवा, एकेका अंशामागे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

छतावरचं सौर पॅनेल. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा, रोज सरासरी चार युनिटं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. ज्यांचा स्वतंत्र बंगला आहे त्यांनी थांबण्याचं मला कारण दिसत नाही.

आणि वेळ. दुपारी सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सूर्य जातो आणि कोळशावर भार पडतो. वॉशिंग मशीन, घरघंटी, सोसायटीचा पाण्याचा पंप दुपारी चालवा. पंपाचा टायमर बदलायला एक पैसा लागत नाही.

मागे एक ताई मघापासून हात वर करून आहेत. त्यांचा प्रश्न मला कळलाय, अमेरिकेतला माणूस आपल्या कितीतरी पट कार्बन सोडतो, मग आपणच का? ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पेठ-सुरगाण्यात मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाईला मी काहीच करायला सांगत नाही, तिला धुरातून सोडवणं आपलं काम आहे. पण तिच्या आणि माझ्या घरातही तसंच अंतर आहे, आणि माझ्या घराचा हिशेब मलाच द्यावा लागेल. द्राक्षांवर गारा पडतात तेव्हा बागाइतदाराला कुणी दरडोई सरासरी विचारत नाही.

आमच्या पाइपांचा नकाशा आणलाय, कुठे व्हॉल्व्ह, कुठे पंप, सगळं दाखवलंय. टेबलावर ठेवते. मघाशी ज्यांनी हात वर केले त्यांनी थांबा, आणि तुमची इमारत किती मजल्यांची, गरम पाण्याला परतीची लाइन आहे की नाही, एवढं आठवून ठेवा.