पट्टी हलली पाहिजे

(दृश्य: पुण्यात कोथरूडमधली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. कॉल सेंटरसाठी इंग्रजी उच्चार शिकवणारा क्लास. फळा, आठ खुर्च्या.)

तोंडापुढे कागदाची वीतभर पट्टी धरायची आणि म्हणायचं, ‘पेन’. पट्टी हलली तर उच्चार इंग्रजी. नाही हलली तर मराठी.

ही मुलगी सोलापूरकडची. तिची पट्टी ढिम्म हलत नाही. हलणार कशी? शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’बरोबर इंग्रज माणूस हवेचा एक झोत सोडतो. आपला ‘प’ कोरडा. बरं, झोत आपल्याला येत नाही असंही नाही. जुन्या वळणाने, ओठ मिटून ‘फळ’ म्हणून बघा, पट्टी उडेल. पण पेनाला ‘फेन’ म्हणायला मराठी जीभ राजी होत नाही. आणि गंमत अशी, की आपला कोरडा ‘प’ इंग्रज कानाला ‘ब’सारखा लागतो. म्हणून तर फोनवर पुण्याचं स्पेलिंग सांगताना ‘पी फॉर पापा’पासून सुरुवात.

कॉल सेंटरच्या धंद्यात याला नाव आहे, एमटीआय. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे उच्चारावरची मातृभाषेची छाप. ‘हिला एमटीआय जास्त आहे,’ असं म्हणतात. ताप असावा तसं.

(दृश्य: फर्ग्युसन रस्ता, संध्याकाळ.)

या गावाला इंग्रजी नवी नाही. १ जानेवारी १८८० ला इथे न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितलं जाणारं ‘वाघिणीचं दूध’ अजून भाषणांत येतं. ‘बॅट’ आणि ‘बॉल’मधले स्वर लिहिता यावेत म्हणून मराठीने डोक्यावर चंद्रसुद्धा घेतला. ‘व्ही’साठी ‘व्ह’ योजला, आणि मग तोच ‘व्ह’ व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘डब्ल्यू’लाही लावून टाकला. पाहुण्याची याहून जास्त सरबराई काय करायची?

पण मुळात इंग्रजी म्हणजे कोणाची? विल्फ्रेड पिकल्स हा उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा माणूस १९४१ मध्ये बीबीसीवर आपल्या तिकडच्या हेलात राष्ट्रीय बातम्या वाचू लागला, तर इंग्रज श्रोत्यांनीच तक्रारी केल्या. इंग्रजाची इंग्रजी इंग्रजांना खटकली!

अमेरिकेतले अभ्यासक डोनल्ड रुबिन यांचा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आणखी बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन बाईचा. काहींना त्यासोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. टेप तीच, शब्द तेच. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परका वाटला, आणि व्याख्यानही कमी कळलं. टेपमध्ये नसलेला हेल डोळ्यांनी ऐकला म्हणायचा.

आपण पुणेकरांनी यावर फार हसू नये. आपल्याकडेही एक पट्टी आहे, कागदाची नसलेली. ‘न’ आणि ‘ण’ची. ‘आनि’ म्हणणाऱ्याचं गाव, घर आणि जात मनात ठरवून मोकळे होणारे कान याच शहरात आहेत. माझेही त्यातलेच. कॉलेजात माझ्या इंग्रजीवर कोणी ‘व्हर्नॅक’, म्हणजे मराठी माध्यमवाला, म्हणून हसलं, की मी आठवडाभर गप्प असायचो. आणि त्याच आठवड्यात मेसमध्ये ‘पानी’ मागणाऱ्या मुलाची मी नक्कल केली होती. चांगली जमली होती, हेही आठवतं.

(दृश्य: वर्ग सुटला आहे. जिना.)

आज शेवटच्या वेळी तिची पट्टी हलली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आता ती जिन्यात उभी राहून आईला फोन लावते आहे. पट्टी अजून हातातच आहे.

‘हां आई, झालं की क्लास. पानी आलं का आज?’

तेवढ्यात वरून दोन मुली उतरतात. ती भिंतीकडे वळते आणि आवाज बारीक करते.