दोघांचे हात खुंट्याला

(दृश्य : पहाटेचा अंधार. गंगाखेडचे बसस्थानक. बाकावर दोन खोकी आणि कापडात गुंडाळलेला एक फलक.)

गोदावरीच्या काठावरचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या त्या भरल्या घरात तिने आयुष्यभर दळण-कांडण केले, गोवऱ्या थापल्या, आणि हातातले काम खाली न ठेवता अभंग रचले. आपली ओळख तिने 'नामयाची दासी जनी' एवढीच ठेवली. त्याच गंगाखेडातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई आज पहिल्या गाडीची वाट पाहत उभ्या आहेत. खोक्यांमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेल्या, स्वतः चितारलेल्या आणि भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून स्वतःच छापलेल्या चित्रकथेच्या शंभर प्रती आहेत. चित्रकथा जनीची आहे. गाडी छत्रपती संभाजीनगरला जाणार आहे, आणि तिथे एका महाविद्यालयाच्या सभागृहात आज कॉमिक, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, आणि व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांचा दिवसभराचा मेळावा आहे.

अशा मेळाव्यांची रीत अमेरिकेतली आहे. सॅन डिएगो शहरात १९७० साली सुरू झालेला कॉमिकप्रेमींचा मेळावा पुढे जगभर नावाजला गेला, भारतात असा पहिला मोठा मेळावा फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीला भरला, आणि आता आपल्याकडचे विद्यार्थीही वर्गणी काढून, सभागृह भाड्याने घेऊन आपापल्या गावात छोटे मेळावे भरवू लागले आहेत. टेबलाचे भाडे भरले की कोणालाही आपले काम मांडता येते. बाईंना ही माहिती त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने दिली. त्यांनी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

(दृश्य : बाईंचे घर. खिडकीजवळचे उतरते टेबल, शाईच्या बाटल्या, भिंतीशी टेकवलेले जुने जाते.)

या पुस्तकाला सहा वर्षे लागली. त्यातली पहिली दोन केवळ ऐकण्यात गेली, असे बाई सांगतात, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांच्या आईला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. आई थकली तेव्हा बाईंनी त्या वहीत उतरवून घेतल्या. मग हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या, एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहापर्यंत त्या पोहोचल्या, आणि आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांचे आवाजही त्यात ध्वनिमुद्रित झालेले आहेत, हे कळल्यावर त्यांनी ते आवाज कितीतरी रात्री ऐकले. जनीची भाषा त्यांना पोथीत सापडली तेवढीच या आवाजांत सापडली. म्हणून त्यांच्या चित्रकथेतली जनी ग्रांथिक बोलत नाही. ती आपल्या मुलखातली बाई बोलते तशी बोलते, विठ्ठलाशीसुद्धा.

पूर्ण झालेले हस्तलिखित घेऊन त्या एका प्रकाशकाकडे गेल्या होत्या. चित्रे चांगली आहेत, पण भाविक वाचक पोथी आणि गाथा घेतो, आणि कॉमिक वाचणारे लेकरू संतांकडे वळत नाही, त्यामुळे हे पुस्तक कोणाचेच नाही, असे त्यांना तिथे सांगण्यात आले. व्यवहार पाहता ते म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मागच्या वर्षी फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणच्या यात्रेत बाईंनी एका ओळखीच्या दुकानदाराच्या फळीवर काही प्रती ठेवल्या, तेव्हा लोकांनी मुखपृष्ठाला हात लावून नमस्कार केला, 'लेकरांचं पुस्तक दिसतंय' असे म्हणाले आणि शेजारचा हरिपाठ विकत घेतला. देवाचे चित्र दिसले की पाया पडायचे, उघडून वाचायचे नाही, ही आपली सवय बाईंना त्या दिवशी फार जवळून दिसली.

स्वतः प्रकाशक होणे म्हणजे काय, हे बाईंना काम करता करताच कळत गेले. छपाईचा कागद सोळा पानांच्या फर्म्याने मोजतात, त्यामुळे सत्तर पानांची गोष्ट त्यांना चौसष्ट पानांत, म्हणजे बरोबर चार फर्म्यांत बसवावी लागली. गेलेल्या सहा पानांपैकी दोन पानांचे त्यांना अजून वाईट वाटते. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्याची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणा दलालाला पैसे द्यावे लागत नाहीत, ही गोष्ट नव्या लेखकांनी अवश्य लक्षात ठेवावी. आणि १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि आणखी एकेक प्रत दिल्ली, मुंबई व चेन्नई इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. बाईंनी त्या चार प्रती सर्वांत आधी पाठवल्या. पोस्टातल्या कर्मचाऱ्याने 'प्रकाशकाचे नाव' असे विचारल्यावर त्यांनी क्षणभर थांबून स्वतःचे नाव सांगितले होते.

छपाईतला एक फटका मात्र त्यांनी सोसला. संगणकाच्या पडद्यावर रंग प्रकाशाने दिसतात आणि कागदावर ते चार शायांच्या मिश्रणाने उमटतात, त्यामुळे पडद्यावरचा गडद निळा कागदावर मळकट होऊ शकतो. विठ्ठलाच्या अंगाच्या रंगाचे नेमके तेच झाले. छपाईचा नमुना न दाखवताच पहिला फर्मा छापला गेला होता. तो सगळा कागद रद्दीत घालायचा आणि पुन्हा छापायचे, असा निर्णय बाईंनी घेतला आणि त्याचा खर्च स्वतः उचलला. देवाचा रंग बिघडलेला चालणार नाही, असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्यातली भाविक आणि त्यांच्यातली चित्रकार, या दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

हे सांगताना मला अंबाजोगाईच्या दासोपंतांची आठवण होते. सोळाव्या शतकातल्या या संतकवीने आपले 'पंचीकरण', म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचे विवेचन, कापडाच्या लांबलचक पासोडीवर आकृत्यांसह लिहून काढले, आणि ती पासोडी आजही अंबाजोगाईत जपून ठेवलेली आहे. अक्षर, चित्र आणि श्रद्धा एकाच पृष्ठावर मांडण्याचे हे काम मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वी झालेले आहे. बाईंच्या टेबलाशेजारी त्या पासोडीचे एक छायाचित्र चिकटवलेले आहे.

(दृश्य : सभागृह. रांगेने मांडलेली टेबले, भित्तिचित्रे, रंगीत केसांचे टोप, पुठ्ठ्याच्या तलवारी.)

बाईंचे टेबल दाराजवळ आहे. एका बाजूला किल्लीच्या साखळ्या आणि बिल्ले विकणारी मुले आहेत, दुसऱ्या बाजूला छापील टी-शर्ट आहेत. फलकावर जनी जात्याशी बसलेली आहे आणि तिच्यासमोर, त्याच खुंट्याला हात घालून, विठ्ठल बसलेला आहे. पहिला तासभर कोणी थांबत नाही. दोन मुले फलक पाहून आदराने पुढे सरकतात, आणि तो आदर बाईंना नको आहे.

मग त्या खुर्ची मागे ढकलून टेबलाच्या पुढे येतात आणि गोष्ट सांगायला लागतात. जनाबाईंचे नाव ऐकून कबीर त्यांना भेटायला पंढरपुरात आले, तेव्हा दोन बायका गोवऱ्यांवरून भांडत होत्या, असे आख्यान आहे. 'तुमच्यातली जनी कोण?' असे विचारल्यावर भांडणारी एक म्हणाली, मीच. आणि माझ्या गोवऱ्या कोणत्या हे पाहायचे असेल तर त्या कानाला लावा, ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल त्या माझ्या. एवढे सांगून बाई पुस्तकाची ती जोडपाने उघडतात. डाव्या पानावर सहा चौकटी आहेत आणि एकाही चौकटीत शब्द नाही : गोवरी, हात, कान, पुन्हा गोवरी, भुवया, मिटलेले डोळे. उजव्या पानावर एकच चौकट आहे. त्यात गोवरीवर उमटलेल्या पाच बोटांच्या ठशांमधून नामाची अक्षरे निघतात आणि पानाच्या कडेपर्यंत वाढत जातात. कॉमिक वाचणाऱ्या मुलांना आवाज अक्षरांच्या आकारातून ऐकण्याची सवय असते. ती मुले या पानावर थांबतात. त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

चांदीच्या रंगाचे केस लावलेला, पाठीला पुठ्ठ्याची तलवार बांधलेला एक मुलगा विचारतो, "मॅडम, ही आपल्या इकडची आहे?"

"गंगाखेडची. परभणी जिल्हा."

"माझं आजोळ पालमचं आहे," तो म्हणतो आणि पुस्तक हातात घेतो.

या सभागृहात वेश घेऊन आलेल्या मुलांकडे पाहून परके वाटण्याचे आपल्याला काहीही कारण नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या पैठणात एकनाथ महाराजांनी भारुडे लिहिली, आणि त्या भारुडांतून वासुदेव, जोशी, भुत्या, गोंधळी अशा कितीतरी लोकांच्या तोंडी अध्यात्म दिले. सोंगी भारूड करणारा कलावंत वेश चढवून लोकांच्या गर्दीत उतरतो, आधी त्यांना थांबवतो आणि मग विचार सांगतो. ज्ञानेश्वरीची प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध करून ठेवणारे नाथ आणि विंचू चावल्याचे भारूड रचणारे नाथ एकच होते; ग्रंथाची चोखाई आणि बाजारातली बोली यांत त्यांना अंतर वाटले नाही. बाई आज जे करीत आहेत ते त्याच वाटेवरचे आहे, असे मी मनापासून मानतो. आपल्यासाठी न आलेल्या माणसांसमोर उभे राहून आपली श्रद्धा सांगायची, तिच्यातले काही पातळ करायचे नाही, आणि ऐकणाऱ्याला अपराधीही वाटू द्यायचे नाही, हे कीर्तनकाराचेच कौशल्य आहे.

काही पातळ करायचे नाही, हा शब्द मी जाणून वापरला. दुपारी एका तरुणाने बाईंना सुचवले की जनीला काही शक्ती द्यायला हवी होती, जात्यातून वीज निघते असे काहीतरी, म्हणजे मुले तुटून पडली असती. सूचना प्रेमाने केलेली होती. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग त्याला विसाव्या पानावरची एक चौकट दाखवली, ज्यात रात्र सरत आली आहे, दळण अजून बाकी आहे आणि जनीच्या तळहाताला फोड आला आहे. जनी दासी होती, थकत होती, आणि म्हणून देव मदतीला आला. तिच्याकडे वीज असती तर तो कशाला आला असता, असे बाई म्हणाल्या. तरुण बराच वेळ त्या तळहाताकडे पाहत राहिला. त्याने दोन प्रती घेतल्या.

संध्याकाळपर्यंत एक खोके रिकामे झाले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी पत्ते लिहून दिले. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा सुरू केली आहे आणि धार्मिक पुस्तकेही त्यात जातात, त्यामुळे खेड्यातल्या वाचकापर्यंत एक पातळ पुस्तक पोहोचवणे आता बाईंना परवडते.

(दृश्य : मेळावा संपला आहे. रिकामे सभागृह, झाडूचा आवाज.)

टेबले उचलली जात असताना सभागृह झाडणाऱ्या एक मावशी फलकापाशी थांबल्या. झाडू भिंतीला टेकवून त्यांनी चित्र जवळून पाहिले. बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिले, तेव्हा त्यांनी आधी हात पदराला पुसले आणि मग तेच चित्र असलेले पान शोधून काढले. वाचता येत नसल्याचे त्यांनी सांगितले. बराच वेळ त्या पाहत होत्या.

"चित्र झ्याक काढलं बाई," त्या म्हणाल्या, "पण जनीचे दोन्ही हात खुंट्याला हायत, अन् देवाचे बी दोन्ही हात खुंट्याला हायत. मग दाणे कोन वैरतंय?"

बाईंनी चित्राकडे पाहिले. सहा वर्षांत हे चित्र त्यांनी अकरा वेळा काढले होते. घरात भिंतीशी आईचे जाते ठेवलेले आहे. दोघी दळायला बसल्या की एकीने एका हाताने खुंटा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने तोंडात मूठभर दाणे सोडत राहायचे, हे त्यांनी लहानपणी रोज पाहिलेले होते.

"कोणी वैरावेत, मावशी?" बाईंनी विचारले. "देवानं?"

"देवाला काय अंदाज असतो वो दळणाचा," मावशी म्हणाल्या. "त्यानं नुसतं ओढावं. दाणे जनीनंच वैरायचे."

(दृश्य : रात्रीची एसटी. खिडकीबाहेर अंधार. मांडीवर पुस्तकाची एक प्रत, हातात पेन्सिल.)

गाडी जालना सोडून पुढे निघाली तेव्हा बाईंनी ते पान उघडले. जनीचा डावा हात त्यांनी खुंट्यावरून उचलला, जात्याच्या तोंडावर आणला, आणि त्या मुठीत दाणे काढायला सुरुवात केली. गाडी हादरत होती, म्हणून एकेक दाणा त्या थांबून थांबून काढत होत्या.