जोड मिळणार असंल तर घ्या : किंग ऑफ फायटर्स 2002 अनलिमिटेड मॅच

(अंधार. स्विच मारल्याचा आवाज, मग जुन्या ट्यूबची घरघर.)

हा आवाज ज्यांनी ओळखला त्यांच्यासाठीच हा व्हिडिओ आहे. दुकानवाले मामा मशीनच्या मागं हात घालून स्विच मारायचे, पडदा हळूहळू उजळायचा आणि मग ती अक्षरं यायची, मॅक्स 330 मेगा, प्रो-गिअर स्पेक. त्याचा अर्थ आमच्यातल्या एकालाही माहित नव्हता आणि कुणी विचारला पण नाही, पण ती अक्षरं दिसली की खांद्यावरचं दप्तर आपोआप खाली यायचं.

कोल्हापुरात राजारामपुरीत, मेन रोडवरनं आत वळलं की एका गल्लीत ते दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. पाच मशीन, त्यातल्या दोनावर मुस्तफा, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, एकावर कायम काहीतरी बिघडलेलं, आणि कोपऱ्यातल्या दोनावर केओएफ म्हणजे किंग ऑफ फायटर्स, एक 97 आणि एक 2002. आम्ही 2002 वाले. कॉईन 1 रुपयाचं, आणि हरलेला उठायचा, जिंकलेला बसून राहायचा, त्यामुळं एका रुपयात तासभर खेळणारी पण पोरं होती आणि दहा रुपये पाच मिनटात घालवणारी पण.

तर विषय असा की हीच 2002 परत नवी करून विकायला आहे, नाव अनलिमिटेड मॅच, आणि मला गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या मित्रांनी एकच प्रश्न विचारला, घेऊ का रे? फोनवर दोन वाक्यात सांगता येईना म्हणून हे सगळं रेकॉर्ड करतोय.

(मूळ 2002 चं चित्र, चौकोनी पडद्यावर.)

आधी जुनी गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर नवीचं मोल कळणार नाही. एसएनके ही ओसाकाची कंपनी, 1978 ची. 1990 ला त्यांनी निओ-जिओ काढलं, कॅसेट बदलली की मशीन तेच आणि गेम दुसरी, म्हणून तर आपल्याकडच्या दुकानदारांना ते परवडलं. 1994 ला पहिली किंग ऑफ फायटर्स आली, तिघांची टीम घेऊन, आणि मग दरवर्षी एक. पण 2001 ला कंपनी बुडाली. म्हणजे 2002 जेव्हा बनली तेव्हा मूळ घर मोडलेलं होतं, प्लेमोर नावाखाली थोडी माणसं उरलेली आणि सोबतीला इओलिथ नावाची कोरियन कंपनी. पैसा कमी, माणसं कमी. किंग नावाची फायटर बाई त्या मशीनच्या आवृत्तीत नव्हती, बाओ नव्हता, लिन नव्हता, फॉक्सी नव्हती. तरी खेळायला ती इतकी भारी झाली की आजपण लोक तिच्यावरनं भांडतात.

आणि एक गोष्ट मनाला लागंल पण सांगायलाच पाहिजे. आमच्या मशीनवर जी 2002 होती तिच्या सुरुवातीच्या पडद्यावर मॅजिक प्लस असं लिहिलेलं असायचं. म्हणजे ती मूळ गेम नव्हतीच, कुणीतरी आतला प्रोग्रॅम बदलून बाजारात सोडलेली बूटलेग होती. तुमच्या गल्लीतली पण बहुतेक तसलीच असणार. त्यामुळं "मला अगदी तीच लहानपणची गेम पायजे" असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा ती नक्की कुठली, हे आधी आठवून बघा, कारण दुकानात विकत मिळणाऱ्या कुठल्याच आवृत्तीत ती सापडणार नाही.

आता नवी. अनलिमिटेड मॅच 2009 ला जपानमध्ये प्लेस्टेशन 2 वर आली, म्हणजे मूळ गेमनंतर सात वर्षांनी. 2010 ला एक्सबॉक्सवर, 2015 ला कॉम्प्युटरसाठी स्टीमवर, 2021 ला पीएस 4 वर. नवं रंगकाम करून जुनंच विकलंय असं समजू नका. 66 फायटर आहेत. 99 पासून 2001 पर्यंत जी नेस्ट्स नावाच्या गुन्हेगारी संघटनेची कथा चालली, हिरो क्योचे क्लोन वगैरे, त्या सगळ्या भागातली माणसं गोळा केलीत, वर सांगितलेले राहिलेले सगळे आले, जून आला, हिनाको आली, क्रिझालिड, झीरो, इग्निझ असले बॉस पण आले. एक माणूस मात्र गेला, के 9999. त्याच्या जागी नेमलेस म्हणून नवा पोरगा दिला. माझा एक मित्र फक्त के 9999 खेळायचा, त्याला हे सांगितल्यावर तो फोनवर गप्पच झाला, आणि मला त्याचं वाईट वाटलं खरं, कारण एवढी वर्षं ज्याच्यावर हात बसवला तोच नाही म्हटल्यावर काय करायचं.

(जवळून : दोन हात, स्टिक आणि चार बटणं.)

आता हात बघा. पहिल्यांदा लावली तेव्हा मी काही न बघता माझा जुना फायटर इयोरी घेतला. खालनं पुढं पाव चक्कर, तिथनंच उलटं अर्ध चक्कर मागं, आणि पंच. या-ओतोमे. पहिल्या झटक्यात निघाला. पंधरा वर्षं मी हा डाव मारलेला नव्हता, तरी मनगटात तो तसाच होता, आणि इयोरी धावत जाऊन ती ओरबाडायला लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण मग कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग एक डाव, जोडायला गेलो आणि कळलं की गेम बदललीय. फायटरांच्या ताकदी इकडंतिकडं केल्यात, काही डाव जास्त लागतात, काही कमी, जुनी सवय घेऊन गेलं की अर्ध्या सेकंदानं चुकतं. ए आणि बी एकत्र दाबून लोळायचं, सी-डी एकत्र दाबून उडवायचं, बी-सी दाबून मॅक्स मोड, म्हणजे थोडा वेळ जास्त डाव जोडता येतात तो, हे सगळं तेच. मामांच्या मशीनवर बी चं बटण दबकं झालं होतं, खालची स्प्रिंग गेलेली, त्यामुळं डावीकडच्या सीटवर मॅक्स मोड लागायचाच नाही, आणि त्या सीटवर बसणारा पहिल्यापासनं हरायच्या तयारीनं बसायचा. मग एकदा मामांनी बटण उघडून आत काडेपेटीचा तुकडा घडी करून बसवला. त्या दिवसापासनं त्या सीटवरची पोरं जिंकायला लागली. माझं मॅक्स मोडचं सगळं टायमिंग त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसलेलं आहे, आणि नव्या गेममध्ये मला ते पहिल्यापासनं बसवावं लागलं. आठवडा गेला. तुम्हालाही तेवढा वेळ द्यावा लागंल, दोन दिवसात वैतागून बंद करू नका.

दिसायला म्हणाल तर मला पूर्ण पटलेली नाही. मागची चित्रं नवीन, एकदम शार्प, आणि त्याच्यावर फायटर मात्र तेच जुन्या ठिपक्यांचे, त्यामुळं कधीकधी माणसं चिकटवल्यासारखी वाटतात. टीव्हीपासनं जरा लांब बसलं की चालून जातं.

(खासबाग मैदान. रिकामं. सकाळची वेळ.)

इथं का आलो ते सांगतो. हे खासबाग. शाहू महाराजांनी 1912 ला बांधलेलं, मधी हौदा आणि भोवतीनं गोल चढत गेलेल्या पायऱ्या, कुठंही बसा, माती दिसते. माझे आजोबा मला इथं आणायचे. मैदान ठरलं की गावात पहिली चौकशी कशाची व्हायची, तर जोड कुणाची लागलीय. पैलवान कितीही मोठा असू दे, समोर तोलाचा गडी नसंल तर आजोबा म्हणायचे, मग कशाला जायचं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, ह्या तालमीतली पोरं रोज एकमेकांशीच लढून तयार होतात, एकट्यानं जोर-बैठका मारून ताकद येते, डाव येत नाही.

फायटिंग गेमचं तंतोतंत असंच आहे. अनलिमिटेड मॅच घ्यायची का नाही ह्याचं उत्तर तिच्या 66 फायटरात नाही आणि चित्रात पण नाही, तुमच्याकडं जोड आहे का, ह्यात आहे. कॉम्प्युटरशी खेळायला घेणार असाल तर चार दिवस शेवटच्या बॉसला, रुगालला हरवाल, पाचव्या दिवशी बंद. मूळ 2002 एसीए निओ-जिओ ह्या जुन्या गेम परत काढणाऱ्या मालिकेत पीएस 4, एक्सबॉक्स आणि स्विचवर मिळते, फक्त आठवणीसाठी पाहिजे असंल तर सरळ ती घ्या, अनलिमिटेड मॅच शिकायला लागणारा आठवडा तरी वाचंल. काहीजण विचारतात, फाईटकेड नावाच्या प्रोग्रॅमवर ऑनलाइन फुकट खेळता येते की, मग विकत कशाला? तिथं खेळतात ती निओ-जिओची मूळ 2002, हिच्यातला तुमचा बाओ, तुमची फॉक्सी तिथं भेटणार नाही.

पण आता पोरं कुठायत? आमच्या गल्लीतले चौघं पुण्यात, एक बेंगळुरूला, एक इचलकरंजीत यंत्रमागाच्या धंद्यात, मी इथं. मग जोड लागणार कशी, तर ऑनलाइन, आणि इथं ह्या गेमचा सगळ्यात मोठा बदल आहे, जो 2015 ला स्टीमवर आली तेव्हा नव्हता आणि नंतर घातला. रोलबॅक. पीएस 4 ची आवृत्ती तर आलीच ती रोलबॅक घेऊन.

हे जरा इस्कटून सांगतो. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवते, म्हणजे एक फ्रेम साधारण 16-17 मिलिसेकंदाची. माझं बटण पुण्याला पोचायला त्यातल्या दोन-तीन फ्रेम जाणार, त्याला इलाज नाही. जुन्या पद्धतीत काय व्हायचं, समोरच्याचं बटण येईपर्यंत गेम थांबायची, मग तुमचा पण हात जड झाल्यासारखा वाटायचा, नेट डुगडुगलं की सगळंच चिखलात रुतल्यासारखं. रोलबॅकमध्ये गेम थांबत नाही, समोरचा आत्ता करतोय तेच करत राहील असं धरून पुढं चालत राहते, आणि खरं बटण वेगळं निघालं तर त्या फ्रेमपर्यंत मागं जाऊन दुरुस्त करून परत आत्ताच्या फ्रेमला येते, हे सगळं इतक्या झटक्यात की बहुतेक वेळा डोळ्याला कळत पण नाही. ही कल्पना फायटिंग गेममध्ये रुजवली टोनी कॅनन ह्या माणसानं. फायटिंग गेमची इव्हो स्पर्धा उभी करणाऱ्यांपैकी तो एक. 2006 ला स्ट्रीट फायटर 2 ऑनलाइन आली, तिचा लॅग, म्हणजे बटण पोचायला होणारा उशीर, त्याला सहन होईना, मग त्यानं स्वतः जीजीपीओ नावाचं रोलबॅकचं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि 2019 ला सगळ्यांसाठी मोफत उघडं केलं. एका खेळणाऱ्या माणसानं, चांगली जोड मिळावी म्हणून. मला हे लई मोठं वाटतं.

पुण्याच्या मित्राशी मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा तो डायमॉन घेऊन आला, आणि त्याचा तो पकडून आपटायचा डाव मला बरोबर त्याच क्षणी बसला ज्या क्षणी मामांच्या दुकानात बसायचा. अनोळखी लोकात जोड शोधत बसलो तर मला तरी बऱ्याचदा रिकामंच बसावं लागतं, म्हणून आम्ही व्हॉट्सॅपवर वेळ ठरवतो, रात्री जेवणं झाल्यावर, शनिवारी.

(उद्यमनगर. लेथचा आवाज, ठिणग्या.)

कीबोर्डवर खेळू नका, एवढं माझं ऐका. साध्या कीबोर्डला तीन-चार बटणं एकदम दाबली की त्यातलं एखादं कळतच नाही, आणि दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायला घेतलं की भांडणच. कंट्रोलर चालतो. मी मात्र स्टिक करून घेतली. उद्यमनगरात मित्राचा वर्कशॉप आहे, त्यानं पत्रा कापून, बेंड करून डबा दिला, बटणांची भोकं पाडून दिली, आत झिरो डिले म्हणतात तो यूएसबीचा छोटा बोर्ड, मायक्रोस्विचची स्टिक, आठ बटणं. त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "मला पण एक कर, मग बघू तुझा इयोरी." म्हणजे आणखी एक जोड लागली.

स्टीमवर घेणार असाल तर 14 दिवसाच्या आत आणि खेळण्याचा वेळ 2 तासाच्या आत असंल तर पैसे परत मागता येतात, त्यामुळं ते दोन तास एकट्यानं रुगालशी झुंजण्यात घालवू नका. आधी मित्राला फोन करा. दोघांनी एका वेळी उघडा, पाच मिनटं सरावात बटणं तपासा, आणि सरळ ऑनलाइन दहा मॅच मारा. त्या दहात एकदा जरी तोंडातनं शिवी आणि हसू एकदम बाहेर पडलं तर ठेवा. घाई नसंल तर सेलची वाट बघा, ही गेम बऱ्याचदा सेलमध्ये असते.

मी ठेवली. के 9999 वाला मित्र बेंगळुरूचा, त्यानं परवा घेतली. मी म्हटलं, अरे तुझा माणूस तर नाही तिच्यात. म्हणाला, भावा, नेमलेस शिकतोय, दोन आठवडे दे.

(पडदा. निवडीची चौकट. घड्याळात रात्रीचे 10:40.)

आज शनिवार आहे. इचलकरंजीचा अजून कामावरनं यायचाय. बेंगळुरूवाला आलाय, टीम निवडतोय. पहिला नेमलेस, दुसरा नेहमीचा चँग, तिसऱ्यावर अजून थांबलाय, फोन स्पीकरवर आहे आणि पलीकडनं त्याच्या पोराचा आवाज येतोय, बाबा ती बर्फवाली घ्या, बर्फवाली.

घेतली. कुला.