अर्धवट चित्र घेऊन कलादालनात

(एका चित्रकर्तीने कोल्हापुरात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, मागे ईझलवर ठेवलेले तिन्ही कॅनव्हास अपुरे आहेत. मुद्दाम तसेच आणलेत. चित्रकाराला बोलावलं की तो पूर्ण झालेल्या कामांच्या स्लाइड दाखवतो, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. चित्र कुठे अडलं होतं आणि कशानं सुटलं, हे कुणी विचारत नाही आणि तो सांगतही नाही. शिकणाऱ्याला उपयोग असतो तो याच भागाचा. म्हणून आज अडलेल्या चित्रांबद्दलच बोलणार आहे. ती घेऊन कलादालनात कसं जायचं, तेही सांगणार आहे. घेऊन म्हणजे काखेत मारून नव्हे, डोक्यात घेऊन.

माझं सध्या गुऱ्हाळावर काम चाललंय. तुमच्यातल्या निम्म्या जणांनी तरी गुऱ्हाळ जवळून पाहिलं असेल. पत्र्याचं छप्पर, खाली चुलाण, त्यावर उसाच्या रसानं भरलेली काहील, म्हणजे मोठी उथळ कढई. चिपाड चुलाणात ढकलणाऱ्या माणसाचा चेहरा खालून केशरी उजळतो. वर काहिलीशी उभा असलेला, गूळ करणारा गुळव्या वाफेत अर्धा दिसतो, अर्धा दिसत नाही. भेंडीचा रस घातला की मळी वर येते, ती तो काढत राहतो. हिवाळ्यात सकाळी साडेसात-आठला छपराच्या फटीतून ऊन आत येतं तेव्हा एकाच जागी दोन उजेड असतात, खालचा जाळाचा तापलेला आणि वरचा उन्हाचा थंड, निळसर. या दोन उजेडांच्या मधोमध वाफ. माझं चित्र त्या वाफेपाशी अडलंय.

वाफ पांढरी दिसते, म्हणून हात आपोआप पांढऱ्या रंगाच्या ट्यूबकडे जातो. टिटॅनियम व्हाइट फार झाकणारा रंग आहे. तो कशातही मिसळा, खालचं सगळं बुजवतो आणि रंगाला खडूसारखी कोरड आणतो. अशी रंगवलेली वाफ काहिलीवर कापसाचा गठ्ठा ठेवल्यासारखी दिसते. डावीकडच्या कॅनव्हासवर मी पहिला हात बर्न्ट अंबरचा पातळ, टर्पेंटाइनमध्ये दिलाय आणि वाफेची जागा कापडानं पुसून काढलीय. म्हणजे तिथे रंग घातलेला नाही, काढलेला आहे. मधल्यावर वाफ झिंक व्हाइटच्या पातळ थरांनी चढवतेय, कारण झिंक कमी झाकतो, खालचं थोडं दिसू देतो. त्याचे थर पुढे तडकतात, ही त्याची खोड मला माहीत आहे, म्हणून हात राखून काम चाललंय. उजवीकडच्यावर वाफ मुळीच रंगवलेली नाही, फक्त गुळव्याच्या खांद्याची, हाताची, छपराच्या वाशाची कड मोडलीय, म्हणजे धूसर केलीय. तिन्हीत खरं उत्तर कोणतं, ते अजून ठरलेलं नाही.

अशा वेळी मी कलादालनात जाते. आधी आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात. तिथे आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर या आपल्या कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची चित्रं आहेत. कोल्हापूरच्या मुलांनी ही इमारत शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेली असते. ब्रह्मपुरीच्या उत्खननातली भांडी पाहायची, तोफा पाहायच्या, चित्रांसमोरून रांगेनं पुढे सरकायचं. तेवढ्यावर थांबू नका. आबालालांच्या एका निसर्गचित्रापुढे अर्धा तास उभे राहा, पण रिकाम्या डोक्यानं नको. तुमच्या घरच्या कॅनव्हासवर जे अडलंय तेवढंच त्या चित्रात शोधा. मी कडा शोधायला गेले होते. पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे सुरू होतो, झाड कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं. जवळून पाहिलं तर तिथे रेषा नाही. रंगाचे बारीक फटकारे शेजारी शेजारी ठेवलेत, झाडाचा थोडा हिरवा आभाळात गेलाय, आभाळाचा करडा झाडात आलाय. चार पावलं मागं आलं की तीच जागा ओलसर हवेची होते. पांढरा रंग जवळजवळ वापरलेला नाही. उजवीकडचा कॅनव्हास मी त्यानंतर सुरू केला.

आबालालांबद्दल एक गोष्ट कोल्हापुरात सगळे सांगतात. 1922 साली शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थ तळ्याच्या पाण्यात सोडून दिली. यात दंतकथेचा भाग किती, हा वाद इतिहासकारांचा. मला ही गोष्ट ऐकताना दरवेळी वाटतं, की त्यात पूर्ण झालेली चित्रं गेली असतील तशी अर्धवटही गेली असणार. कच्ची रेखाटनं, रंग तपासून पाहिलेले कागद, सोडून दिलेली सुरुवात. हा माणूस विचार कसा करत होता, ते त्या कागदांवरून कळलं असतं.

दुसरी जागा औंध. साताऱ्याहून किंवा कराडहून एका दिवसात जाऊन येता येतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. त्यांनी यमाईच्या डोंगरापाशी हे श्रीभवानी संग्रहालय उभं केलं, 1938 साली. एका छोट्या संस्थानात रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, युरोपातल्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं शिल्प, हे सगळं एका छपराखाली आहे! मी तिथे रविवर्म्याची वस्त्रं पाहायला जाते. पांढऱ्या लुगड्याच्या सावलीत त्यानं काय घातलंय ते पाहा. करडा, किंचित पिवळा, कधी त्वचेचा रंगच खालून वर आलेला. खरा पांढरा फक्त घडीच्या कडेला, जिथे उजेड थेट पडतो तिथे. म्हणजे पांढरं दिसण्यासाठी पांढरं फार थोडं लागतं, आजूबाजूचं सगळं त्याहून गडद असावं लागतं. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. मूळ चित्रापुढे उभं राहिलं की ते हाताला कळतं. मोबाइलवरच्या फोटोत हे करडे, पिवळे एकमेकांत मिसळून जातात, म्हणून फोटोवर भागवू नका.

जलरंगात काम करणाऱ्यांसाठी सावळाराम हळदणकरांचं नाव घेते. हातात दिवा घेतलेल्या मुलीचं त्यांचं चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटीतून येणारा तो उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद आणि त्यावरचे पातळ रंग. तिथे पांढरा भरून उजेड आलेला नाही. माझा पहिला, पुसून काढलेला कॅनव्हास त्याच जातीचा आहे.

मुंबईला गेलात तर जहांगीर कलादालनात मंगळवारी जा. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्यानं बदलतात. पहिल्या दिवशी चित्रकार स्वतः असतोच, आणि नव्या विद्यार्थ्याशी बोलायला त्याच्याकडे वेळ असतो. त्याला 'छान आहे' म्हणू नका. 'या जागी आधी काय होतं?' असं विचारा. बहुतेक चित्रकार या प्रश्नानं खुलतात. समोरच्या फुटपाथवर बसणाऱ्यांनाही विचारा, ती मंडळी तर तुमच्यासमोरच काम करत असतात. आपल्याकडे शाहू स्मारकच्या दालनात प्रदर्शन असतं तेव्हाही हेच करा. चंद्रकांत मांडरेंच्या राजारामपुरीतल्या संग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाची पूड कागदावर घासून केलेली, कामं पाहा. मऊ कडा ब्रश न लावता कशा येतात, ते तिथे उघड दिसतं.

दालनांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. भिंतीवर फक्त शेवट टांगलेला असतो. प्रभाकर बरवे आपल्या डायऱ्यांमधून वर्षानुवर्षं कल्पना टिपत राहिले, शब्दांत आणि रेखाटनांत. त्या डायऱ्या लोकांसमोर आल्यावर त्यांच्या एनॅमलमधल्या चित्रांकडे पाहण्याची आपली नजर बदलली. महादेव धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा मोठ्या तैलचित्रांपेक्षा मी त्यांच्या रेखाटनांपुढे जास्त रेंगाळले. मनगट कसं वळतं, लुगड्याचा काष्टा चालताना कसा ओढला जातो, हे तो माणूस सतत टिपत होता. आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयांनी एक भिंत, निदान एक काचपेटी, अशा कच्च्या कामांसाठी द्यावी. त्याला फार पैसे लागत नाहीत.

तुम्हीही एक करा. तुमच्या पेठेत, तुमच्या गावात जुने ड्रॉइंग मास्तर होऊन गेलेत, साइनबोर्ड रंगवणारे होऊन गेलेत, सिनेमाची पोस्टरं करणारे तर या शहरात पिढ्यान् पिढ्या होते. त्यांच्या माळ्यावर ट्रंका आहेत. घर पाडायला काढलं की त्या ट्रंका आधी रद्दीत जातात. जाऊन विचारा, काका, वहिनी, कागद पाहू का? परवानगी मिळाली तर फोटो काढा, कागदामागे तारीख आहे का पाहा, ओल लागलेला कागद वेगळा ठेवायला सांगा.

संग्रहालयात स्केच करायचं असेल तर दारातल्या माणसाला आधी विचारा. पेन्सिल न्या, शाई किंवा रंग नको. एका फेरीत एकच चित्र. आल्याबरोबर, जेवायच्याही आधी, आपल्या कॅनव्हाससमोर उभे राहा.

आता प्रश्नांआधी पुढे या आणि हे तिन्ही कॅनव्हास जवळून पाहा. पंख्याखालची रांग आधी येऊ दे. मधल्याला हात लावू नका, त्यावरचा थर परवाचा आहे, अजून ओला आहे. तिघांपैकी कोणता पुढे न्यावा असं वाटतं ते मला सांगा, आणि का ते चित्रातली जागा दाखवून सांगा.