केनेडी झोपले होते

20 ऑक्टोबर 1960 ची रात्र. अमेरिकेत मतदानाला तीन आठवडेही उरलेले नाहीत. उमेदवार जॉन केनेडींचे भाषणलेखक रिचर्ड गुडविन यांनी क्युबावर एक पत्रक तयार केलंय. केनेडी झोपलेत. त्यांना उठवायला नको म्हणून पत्रक तसंच वर्तमानपत्रांकडे जातं. सकाळी बातमी झळकते: क्युबाचे सत्ताधीश कॅस्ट्रो यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांना सरकारने आजवर मदतच केली नाही, केनेडींची टीका.

मजकूर त्यांनी वाचला नव्हता, पण सूर त्यांचाच होता. किनाऱ्यापासून 90 मैलांवर कम्युनिस्ट येऊन बसले, हे ते प्रचारात पुन्हा पुन्हा सांगत होते.

दुसऱ्याच रात्री टीव्हीवर चौथी वादसभा. कॅस्ट्रोविरोधकांना मदत द्या ही मागणी धोकादायक आहे, बेजबाबदार आहे, लॅटिन अमेरिकी देशांशी केलेले करार मोडणारी आहे, असं प्रतिस्पर्धी उमेदवार निक्सन म्हणाले. वास्तविक अशाच गुप्त योजनेला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी मार्चमध्येच मंजुरी दिली होती आणि उपराष्ट्राध्यक्ष निक्सनना ते ठाऊक होतं. ते लपवत होते. तरीही त्यांचा आक्षेप बिनतोड होता.

केनेडींनी मग सारवासारव केली, की करार मोडून हस्तक्षेप करा असं आपण म्हटलंच नाही. पण लोकांच्या कानात आधीचंच बसलं होतं.

दुसऱ्या देशातली सत्ता उलथवणं ही प्रचारात टाळ्या घ्यायची गोष्ट नव्हे. त्यात माणसं मरतात. केनेडी जेमतेम 1 लाख 13 हजार मतांनी जिंकले आणि सीआयएची तीच योजना त्यांच्या टेबलावर आली. मनात शंका होत्या. पण काहीच केलं नाही म्हणून ज्याने दुसऱ्यांना झोडपलं, त्याने ती कोणत्या तोंडाने नाकारायची?

17 एप्रिल 1961. क्युबाच्या किनाऱ्यावरचं बे ऑफ पिग्ज. सुमारे 1,400 क्युबन निर्वासित अंधारात किनाऱ्याकडे निघाले. विमानातून काढलेल्या फोटोंत पाण्यात काळे डाग दिसले होते. तज्ज्ञांनी ते शेवाळ मानलं. ते प्रवाळ होतं. होड्यांचे तळ फाटले. तीन दिवसांत सारं संपलं. शंभरावर मारले गेले, अकराशेहून जास्त कैद झाले.

वीस महिन्यांनी, औषधं आणि अन्नाच्या बदल्यात ते सुटले. 29 डिसेंबर 1962, मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम. त्यांनी आपल्या ब्रिगेडचा झेंडा केनेडींच्या हाती दिला. स्वतंत्र हवानात हा झेंडा तुम्हाला परत मिळेल, असा शब्द केनेडींनी दिला.

पुढे ब्रिगेडच्या माणसांनी तो झेंडा मागून परत घेतला. हवानात तेव्हाही कॅस्ट्रोच होते.