दारावर समन्स डकवलं, पण दार कुणाचं?

छोट्या रकमेच्या दाव्यात प्रतिवादीवर समन्स कसं बजावून घ्यावं, हा आजचा विषय. तिकडे येतोच. आधी समन्सच्या मागच्या बाजूबद्दल बोलू द्या.

तिथे बेलिफाचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल असतो. माझ्याकडे एक बाई दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, लावायला आल्या होत्या. शाळेचे गणवेश शिवून दिले होते, व्यापाऱ्याने 38 हजार थकवले होते. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादी गैरहजर असताना झालेला निकाल, हातात होता, बाई खुशीत होत्या. मी नक्कल काढली आणि पान उलटलं. ‘घर बंद. समन्स दारावर डकवले.’ बस्स. किती वाजता, ते नाही. घर कुणी दाखवलं, त्या नावाची जागा कोरी. कुणासमक्ष डकवलं, तीही कोरी.

दरखास्तीची नोटीस दुकानावर गेली तेव्हा व्यापारी धावत आला. म्हणाला, ती खोली मी कधीच सोडली होती, हे घ्या नव्या घराचं वीजबिल. हुकूमनामा रद्द झाला. बाई मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, पैसे त्यांनी बुडवले आणि पुन्हा पहिल्यापासून मीच सुरुवात करायची?” हो, त्यांनीच करायची. आणि खरं सांगतो, न्यायालयाचा निकाल बरोबर होता. ज्याला कळलंच नाही त्याच्याविरुद्ध निकाल कसा द्यायचा?

या कोऱ्या जागा भरायला कायदा स्पष्ट सांगतो. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 5, नियम 17: घर ओळखून देणाऱ्याचं आणि ज्याच्यासमक्ष डकवलं त्याचं नाव-पत्ता अहवालात हवा. नियम 19: अहवालासोबत प्रतिज्ञापत्र नसेल तर न्यायालयाने बेलिफाला शपथेवर विचारायचं. बेलिफावर माझा राग नाही. एका माणसाच्या पिशवीत किती गावांची, किती पेठांची समन्सं असतात ते मी पाहिलंय. माझा राग आहे तो अहवाल न वाचता ‘समन्स बजावले, प्रतिवादी गैरहजर’ असं धरून पुढे जाण्यावर. त्यात आम्ही वकीलही आलो.

जाता जाता एक. प्रतिवादी घरी नसेल तर सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. 1976 च्या दुरुस्तीपर्यंत तिथे ‘पुरुष’ असा शब्द होता. म्हणजे 1908 पासून जवळपास सत्तर वर्षं, घर चालवणारी बाई दारात उभी असली तरी तिच्या हातात दिलेलं समन्स त्या नियमाने चालत नव्हतं! नोकराच्या हातात दिलेलं मात्र आजही चालत नाही.

चिठ्ठी आली, वेळ होत आलीय. तेव्हा मुद्द्याचं भरभर सांगतो.

दावा लावण्याआधी पत्ता स्वतः जाऊन पाहा. राहतं घर आणि धंद्याची जागा, दोन्ही द्या. भत्ता, म्हणजे समन्स बजावण्याचा खर्च, लगेच भरा. बेलीफ आणि स्पीड पोस्ट, दोन्ही मार्ग मागा. हमदस्त, म्हणजे समन्स स्वतः नेऊन देण्याची परवानगी, मिळत असेल तर घ्या. समन्स न बजावता परत आलं तर सात दिवसांत नव्या समन्सचा अर्ज करा, नाहीतर दावाच फेटाळला जाऊ शकतो. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस हा शेवटचा उपाय. प्रतिवादी टाळतोय किंवा साध्या मार्गाने सापडत नाही, हे न्यायालयाला पटावं लागतं. व्हॉट्सअॅपचं सगळे विचारतात. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस धरली, कारण ती पोचली आणि उघडलीही गेली होती. पण निव्वळ त्यावर विसंबू नका.

आणि अहवाल आला की त्याच दिवशी पान उलटून पाहा. जागा कोरी असेल तर एकतर्फी हुकूम मागूच नका, पुन्हा समन्स काढा. महिना जाईल, हुकूमनामा टिकेल.

प्रतिवादी म्हणून कुणी बसलं असेल तर त्यांनाही सांगतो. पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणू नका. त्याने तसा शेरा मारला की न्यायालय समन्स बजावलं असं जाहीर करतं. समन्स घ्या, तीस दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्या. आणि खरंच समन्स मिळालंच नसेल, तर एकतर्फी हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करा.