पाइप वर्षं नाही, सेकंद मोजतो

मित्रहो, आजचा जाहीर झालेला विषय आहे, अणुवीज केंद्रातल्या पाइपचं उरलेलं आयुष्य कसं काढायचं. तिकडे येतोच. पण बरीच वर्षं मनात साचलेलं एक आधी बोलू द्या. पाइपला तडा गेल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती जुना होता?” हा प्रश्नच मला खटकतो.

फ्रान्समधलं सिव्हो केंद्र घ्या. तिथली पहिली भट्टी ग्रिडला जोडली गेली डिसेंबर १९९७ मध्ये. १२ मे १९९८ ला, भट्टी बंद असताना गाभ्यातली उष्णता काढून नेणाऱ्या यंत्रणेचा पाइप गळू लागला. थेंब थेंब नव्हे, तासाला सुमारे ३० घनमीटर! स्टेनलेस स्टीलच्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्यावर, १८ सेंटिमीटर लांबीचा आरपार तडा. ग्रिडला जोडून पाच महिनेही झाले नव्हते. सांगा, किती जुना होता?

त्या जागी दोन प्रवाह भेटतात. एक हीट एक्स्चेंजरमधून गार होऊन आलेला, दुसरा त्याला वळसा घालून तसाच गरम आलेला. आराखड्यावर दोन बाण मिळून एक होतो, आणि आपण समजतो की पाणी मिसळलं. आत मात्र गरम-गार पाण्याचे लोळ भिंतीवर आळीपाळीने आपटत राहतात. धातूच्या पृष्ठभागाला प्रसरण पावायचं असतं, मागचा गार धातू त्याला हलू देत नाही. क्षणात उलट. पृष्ठभाग पूर्ण जखडलेला धरला तर या पोलादात दर अंशाच्या फरकाला जवळपास ५ मेगापास्कल ताण येतो. करा हिशेब १०० अंशांचा.

अशा सांध्याचा कापलेला तुकडा मी भिंगाखाली पाहिला आहे. आतली बाजू आटलेल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळलेली. बहुतेक भेगा थोड्या आत जाऊन थांबतात, कारण खोलवर तापमानाचे हेलकावे विरतात. पण वेल्डच्या कडेसारखी आयती खाच मिळाली की एखादी पुढे निघते.

आणि बाहेरून काय दिसतं? काहीच नाही. सेकंदाला एक या गतीचा हेलकावा पोलादात मिलिमीटरभर आत जाईतो बराचसा मावळतो. बाहेर चिकटवलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, शांतपणे सरासरी दाखवत बसतो. (थर्मोकपलवरून आठवलं: जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियमच्या प्रवाहाने थरथरून थर्मोकपलचीच संरक्षक नळी मोडली आणि सोडियम बाहेर आलं. तोही फटीगच, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातूचं थकणं; फक्त इथे कारण तापमान नव्हे, कंपन.)

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भराभर सांगतो. धातूचे गुळगुळीत नमुने हवेत पुन्हा पुन्हा ताण देऊन थकवतात आणि किती ताणाला ते किती आवर्तनं, म्हणजे ताणाच्या फेऱ्या, टिकतात याचा आलेख काढतात. मग ताण २ ने किंवा आवर्तनं २० ने भागून, यांतलं जे जास्त कडक ठरेल ते घेऊन डिझाइनचा आलेख खाली आणतात. भट्टीतलं गरम पाणी आयुष्य आणखी घटवतं, त्याचा गुणक नंतर आला. प्रत्येक प्रकारच्या आवर्तनाने आयुष्याचा किती वाटा खाल्ला त्याची बेरीज करायची. ती १ च्या आत हवी.

रीत ठीक आहे. माझं भांडण तिच्यात घालायच्या आकड्याशी आहे. आवर्तनं म्हणून आपण भट्टी चालू-बंद झाल्याच्या नोंदी घालतो. चाळीस वर्षांत त्या शेकड्यांत भरतात. मिश्रणाच्या जागी सेकंदाला एक हेलकावा धरला तरी एका दिवसात ८६,४०० होतात! म्हणून त्या सांध्यापाशी मला वर्षं सांगू नका. दोन्ही प्रवाहांतला तापमानाचा फरक मोठा असताना तो पाइप किती तास चालला, ते सांगा. ही नोंद नियंत्रण कक्षातल्या आकड्यांवरून आजच काढता येते, नवं उपकरण लागत नाही.

सिव्होनंतर फ्रान्समध्ये बाकीच्या भट्ट्यांतले असे सांधे तपासले, तिथेही भेगा निघाल्या. ते भाग बदलले गेले.